काट्याला शब्द कळत नाहीत

मेमो दोनच ओळींचा होता. ‘आपण माननीय प्रमुखांशी बोलताना आपला आवाज वारंवार झुकत असल्याचे यंत्राच्या नोंदींवरून दिसून आले आहे. तरी याबाबतचा लेखी खुलासा तीन दिवसांच्या आत सादर करावा.’

मदतनीस फुलाबाई खंडारेंनी तो कागद दोन्ही हातांनी धरून आणला, काठोकाठ भरलेली बशी आणावी तसा, आणि कुंदाच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या.

“मॅडम, हे काय म्हन्ते?”

कुंदानं वाचून दाखवलं.

“म्हंजे म्या काय केलं जी?”

“तुम्ही काही केलं नाही, फुलाबाई. तुमच्या आवाजानं केलं.”

“त्याले तं म्या काहीच सांगतलं नोतं,” फुलाबाई म्हणाल्या, आणि आपल्या गळ्याला हात लावून त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. जणू गळा कुणी तरी दुसऱ्यानं आणून ठेवला होता.

कुंदाला हसू आलं, आणि हसू आल्याची लगेच लाजही वाटली. कारण हा मेमो निघणार हे तिला आठवडाभर आधीच ठाऊक होतं. ती याच कामावर नेमलेली बाई होती.

विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या गावी ही बियाणं तपासायची सरकारी प्रयोगशाळा होती. पोत्यापोत्यांतून बियांचे नमुने यायचे, ते ओल्या कागदावर पेरून किती उगवतात ते मोजायचं आणि दाखला द्यायचा. साहेब सोडून माणसं तीस. आणि गेल्या तीन वर्षांपासून एकतिसावी कुंदा पिंपळकर, स्वर प्रशिक्षक, कंत्राटी. पाच वर्षांपूर्वी असं पद निघेल असं कुणी म्हटलं असतं तर कुंदा स्वतःच त्याला वेड्यात काढती.

झालं होतं असं. माणसाच्या बोलण्याच्या तळाशी एक बारीक गुणगुण असते. शब्द तिच्यावर बसून जातात, म्हणून ती वेगळी ऐकू येत नाही. दोन माणसं बोलू लागली, की दोघांच्या गुणगुणी एकमेकींकडं सरकू लागतात. मैत्रिणी असतील तर ही थोडी इकडं येते, ती थोडी तिकडं जाते, मध्ये कुठं तरी भेटतात. पण एकाच्या हातात दुसऱ्याची भाकरी असेल, तर भाकरीवाल्याची गुणगुण जागची हलत नाही. दुसऱ्याचीच उठते आणि चालत चालत त्याच्या दारात जाऊन उभी राहते. हे अभ्यासकांना फार पूर्वीपासून माहीत होतं. नवीन एवढंच, की साबणाच्या वडीएवढ्या एका स्वस्त डबीला ते वाक्यावाक्याला मोजता येऊ लागलं. तुमच्या जागेपासून समोरच्याच्या जागेपर्यंतच्या वाटेचे शंभर भाग करायचे. त्यातले किती भाग तुम्ही चालून गेलात, तो तुमचा आकडा. शास्त्रज्ञांनी त्याला दिलेलं लांबलचक नाव कुणाच्याच जिभेवर बसलं नाही. लोक ‘काटा’ म्हणू लागले. तुझा काटा किती? माझा तीस. बाप रे, साहेब कोण आहे तुझा?

मग कायदा आला. प्रत्येक कचेरीत डबी हवी. कुणाचे शब्द साठवायचे नाहीत, डबीनं फक्त आकडा ठेवायचा. हाताखालच्या माणसांचे काटे विसाच्या आत असतील तर साहेबाला बढती; एकाचाही चाळीसच्या वर गेला, तर फाईल जागेवर. हेतू चांगला होता. साहेबांनी माणसांना घाबरवू नये, एवढाच. पण साहेबांनी त्याचा अर्थ वेगळा काढला. माणसांनी घाबरल्यासारखं बोलू नये, असा. आणि त्यासाठी माणसं शिकवायला माणसं नेमली गेली.

कुंदा बावीस वर्षं मुलींच्या शाळेत गाणं शिकवत होती. अर्धवेळ. दर जूनमध्ये नवा आदेश, दर मेमध्ये निरोप. शेवटी शाळेनं गाण्याचा तासच काढून टाकला. तिला आवाजाबद्दल जे कळत होतं ते पुस्तकातलं नव्हतं. पाचशे मुलींचे गळे ऐकून आलेलं होतं. प्रत्येकीची एक पट्टी असते. पेटीवर कुणाची काळी दोन, कुणाची पांढरी पाच. वरच्या पट्टीतल्या मैत्रिणीबरोबर म्हणायला लावलं की घाबरट मुलगी आपली पट्टी सोडते आणि तिच्या मागं ओढली जाते. काट्याचं पहिलं प्रात्यक्षिक पाहिलं तेव्हा कुंदा स्वतःशीच म्हणाली होती, ‘अग बाई, हे तर पट्टी सुटणं!’

म्हणून ती या कामाला लागू पडली. फोनवर तंबोरा लावायचा, माणसाची पट्टी शोधायची, आणि त्या पट्टीत ‘हो साहेब, फाईल आणतो’ म्हणायला शिकवायचं. हेडक्लार्क गावंडे पहिल्या दिवशी हातवारे करून ‘होऽ साहेब’ असा आलाप घेत होते. आता त्यांचा काटा अकरा होता. कुंदाचा स्वतःचा कुणाशीही बोलताना शून्य. लोक तिला बघायला यायचे.

डॉ. विश्वेश राजंदेकर हे ओरडणारे साहेब नव्हते. ते प्रत्येकाला खुर्ची द्यायचे, मुलांच्या परीक्षा विचारायचे. दर शनिवारी सगळ्यांनी आपल्याला ‘विश्वेशदा’ म्हणावं असं त्यांनी परिपत्रक काढलं होतं, आणि जो म्हणत नसे त्याचं नाव गावंडे टिपून ठेवत. फक्त ते विसरत काही नसत. एका मदतनिसानं त्यांच्या पुतण्याच्या लग्नात पंगतीला वाढायला यायचं टाळलं होतं. साहेब हसले होते. सहा महिन्यांनी त्याची बदली झाली, तेव्हाही त्यांनी हसतच निरोपाचा नारळ दिला.

“या कुंदाताई, बसा. एकोणतीस काटे विसाच्या आत. सगळं तुमचं श्रेय आहे.”

“एक राहिलाय, सर.”

“हो ना. फुलाबाई. चौसष्ट!” साहेबांनी मनापासून दुखावल्यासारखी मान हलवली. “आमच्या घरच्यासारखी आहे हो ती. आईचं शेवटपर्यंत सगळं तिनंच केलं. आई गेली तेव्हा माझ्यापेक्षा तीच जास्त रडली. आणि घरच्या माणसाचा काटा चौसष्ट? लोकांना वाटेल, मी तिला मारतो की काय.”

“वय झालंय त्यांचं. गळा लवकर वळत नाही.”

“वळेल. तुमच्या हाताला गुण आहे. पुढच्या महिन्याच्या चार तारखेला पडताळणी पथक येतंय. त्याआधी जमलं तर उत्तम. नाही जमलं,” त्यांनी पेपरवेट एका बोटानं जरासा फिरवला, “तर त्यांना उपकेंद्रावर पाठवावं लागेल. लांब आहे, पण तिथं माझ्याशी बोलायचा प्रसंगच येणार नाही. त्यांच्याही जिवाला बरं. आणि हो, तुमची कायम करण्याची फाईल माझ्याकडंच आहे. दोन्ही कामं एकदमच काढून टाकू.”

कुंदा बावन्न वर्षांची होती. त्रेपन्नाव्या वर्षानंतर कायम करता येत नाही असा नियम होता. हे साहेबांनी सांगितलं नाही. ते फार सभ्य गृहस्थ होते.

घरी शरदरावांना तिनं हे सांगितलं तेव्हा ते मेथी निवडत होते. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यापासून भाजी त्यांच्याकडं होती.

“म्हणजे एका बाईचा आवाज सरळ केला की तू कायम,” ते म्हणाले.

“अहो, असं काय बोलता! सोपं नाहीये ते.”

“मी कुठं सोपं म्हणालो? माझी एवढीच इच्छा आहे, की मरायच्या आधी एकदा पेढे वाटावेत. बायको कायम झाली म्हणून. पंचवीस वर्षं पेढेवाल्याच्या दुकानावरून नुसता जातोय.”

“मरताय कशाला? आणि ती काडी पालापाचोळ्यात टाका, भाजीत नको.”

“बघ,” शरदराव म्हणाले, “आमच्या आवाजाला घरात डबी लावली, तर नव्वद येईल.” पण काडी त्यांनी काढली.

फुलाबाईंचा पहिला तास उभ्यानंच गेला. कुंदानं खुर्ची दिली. त्या बसल्या, पण खुर्चीच्या कडेवर, एक पाय उठायच्या तयारीत. कुंदाच्या टेबलावर सरावाची डबी होती. कुंदा ‘नाव सांगा’ म्हणाली आणि फुलाबाई ‘पंचफुला भगवान खंडारे’ म्हणाल्या, तेव्हा डबीनं अठ्ठावन्न दाखवले.

साहेब खोलीत नव्हते. अठ्ठावन्न कुंदासाठी होते.

हे कुंदाला अपेक्षित नव्हतं. ती कधी फुलाबाईंशी उर्मटपणे बोलली नव्हती. क्वचित कधी तिचा कप त्या विसळायच्या, पण ते तर सगळ्यांचेच विसळायच्या. कुंदानं ठरवलं, आधी बाईंची भीड मोडायची. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः कँटीनमधून दोन चहा आणले, त्यांच्यापुढं ठेवले आणि म्हणाली, “फुलाताई, घ्या.”

“नाई जी, कायले,” फुलाबाई घाईनं उठत म्हणाल्या. काटा एकाहत्तरवर गेला.

“अहो, चहा तर आहे!”

“मॅडम,” फुलाबाईंनी हळूच विचारलं, “माही बदली झाली का?”

मोठ्यांनी एकाएकी गोड वागणं म्हणजे काय, हे फुलाबाईंना कुंदापेक्षा जास्त माहीत होतं.

आठ दिवस तंबोरा वाजत राहिला. पट्टी सापडली, फुलाबाईंचा आवाज काळी एकचा, खालचा, भरदार. तंबोऱ्याबरोबर नुसता ‘सा’ लावला की काटा खाली यायचा. ‘हो साहेब’ म्हटलं की सुटायचा. कुंदा चिडली नाही, पण थकली. त्या दिवशी ती टेबलावर कोपर टेकून सहज म्हणाली, “फुलाबाई, तुम्ही इथं लागलात तेव्हा काय काम करायचात?”

“उगवन मोजो ना जी. आठ वर्स.”

“म्हणजे?”

“तुमी उगवन कक्ष नाई पाह्यला?” फुलाबाईंनी नवलानं तिच्याकडं पाहिलं. “तीन वर्सांपासून हाये तुमी इथं!”

डबीवर सोळा दिसत होते. कुंदानं ते पाहिलं, डबी उचलून पदराखाली धरली आणि उठली. “चला, दाखवा मला.”

उगवण कक्ष ही खिडकी नसलेली, दमट, गारसर खोली होती. कपाटांत ओल्या कागदाच्या सुरळ्या ओळीनं उभ्या. एकेका कागदावर शंभर बिया मांडून तो गुंडाळायचा, नेमक्या उबेत ठेवायचा, आठव्या दिवशी उलगडायचा आणि मोजायचं. नीट अंकुर किती, वेडेवाकडे किती, मेलेल्या किती. फुलाबाईंनी हात धुतले, एक सुरळी टेबलावर उलगडली आणि पाहता पाहता त्यांची पाठ सरळ झाली.

“हे पाहा. हे सोयाबीन. याचं मूळ तं आलं, पन कोंब आंधळा हाये, शेंडाच नाई. हे मोजाचं नाई. नवीन पोरं मोजून टाकतेत.”

“हे? हे तर चांगलं दिसतंय.”

“दिसते. हात लावून पाहा. नखानं नाई! बोटानं. मऊ लागलं का नाई? कुजलं हाये आतून. तुमी कोनाले बी पास करान बाप्पा!”

कुंदानं डबी पदराखालून काढून पाहिली. फुलाबाई: चार. आणि दुसऱ्या बाजूला, जिथं तीन वर्षं शून्य पाहायची सवय होती, तिथं कुंदाचे सव्वीस.

ती त्या आकड्याकडं बघत राहिली. डबी बिघडली असावी असं आधी वाटलं. मग समजलं. शिकणारा शिकवणाऱ्याकडं सरकतोच. शाळेत मुली तिच्याकडं सरकायच्या, त्यात भीती नसायची. काटा वाकणं मोजत होता, का वाकलं ते त्याला ठाऊक नव्हतं.

“काय पाह्यता?” फुलाबाईंनी विचारलं.

“माझा काटा. एरवी शून्य असतो.”

“कोनाशी बी?”

“कुणाशीही.”

फुलाबाई अंकुर मोजत होत्या. “मोठ्या साहेबाचाबी शून्यच रायते ना?” त्या म्हणाल्या. त्यांना त्यात काही टोचायचं नव्हतं. कुंदाला मात्र दिवसभर ते टोचत राहिलं.

मग तास उगवण कक्षातच होऊ लागले. फुलाबाई मोजत, कुंदा कागद धरी, आणि मधून मधून साहेबांशी बोलायची वाक्यं म्हणवून घेई. ‘साहेब, चहा आणू का?’ सात. ‘साहेब, आज गुरुवार आहे.’ पाच. कुंदानं साहेबांना सांगितलं, पडताळणीचं बोलणं उगवण कक्षात ठेवा. साहेबांना ती कल्पना फार आवडली. म्हणाले, “कामाच्या जागी, कामाच्या वातावरणात. वा!”

मग गावंडेंनी टाईप केलेला कागद आणून दिला. पथक प्रत्येक कर्मचाऱ्याला साहेबांच्या समक्ष एकच प्रश्न विचारतं, तुमचं रोजचं काम काय? आणि उत्तर साहेबांकडं पाहून द्यायचं असतं. गावंडेंनी फुलाबाईंचं उत्तर लिहिलं होतं: ‘साहेब, मी उगवण कक्षात मदत करते.’

“पाठ करून घ्या,” गावंडे म्हणाले. “सोपं हाये.”

फुलाबाईंनी म्हटलं. बावन्न.

पुन्हा म्हटलं. छप्पन्न. तंबोरा लावून म्हटलं. त्रेपन्न. आधीच्या आणि नंतरच्या वाक्याला पाच-सहा, आणि मध्ये हे एक वाक्य बावन्नच्या खाली येईना.

“काय होतंय हो या वाक्याला?” कुंदा म्हणाली.

फुलाबाई ओले हात लुगड्याला पुसत म्हणाल्या, “मी कुठी उगवन कक्षात रायते जी? सहा वर्सं झाली. सकाळी मस्टरवर सही करते, साहेबाच्या खोलीत जाते, आज काय काय करायचं ते ते सांगतेत, मंग संतोष डायवर गाडीत बसवून बंगल्यावर नेते. आधी माय होती त्याईची, तिचं हगनं-मुतनं करो. माय चांगली होती, माह्या हातानंच खाये. आता माय नाई. आता स्वैपाक, भांडे, कुत्र्याची आंघोळ. इथं येते ते तुमच्या तासापुरती. हे उगवन कक्षाचं वाक्य साहेबाचं हाये. माहं नाई.”

कुंदाला हे माहीत नव्हतं असं नाही. सगळ्यांनाच माहीत होतं. बंगल्यावरची ड्युटी म्हणत त्याला. हजेरीपट लिहिताना गावंडे फुलाबाईंच्या नावापुढं आपोआप ‘बं.’ लिहायचे आणि मग आठवण झाली की खोडायचे. तीन वर्षं कुंदानं रोज सकाळी ती गाडी फाटकातून बाहेर पडताना पाहिली होती, आणि आज फुलाबाईंच्या तासाला त्यांना बंगल्यावरून आणायला वेळ लागतो म्हणून कुरकुरही केली होती.

“तुम्ही कधी कुणाला सांगितलं नाही?”

“कोनाले सांगू?” फुलाबाई म्हणाल्या. “तुमाले?”

काटा चारवर असलेल्या त्यांच्या सरळ आवाजात ते नुसतं विचारणं होतं.

घरी जाताना तिला एक युक्ती सुचली. काट्याला शब्द कळत नाहीत! फुलाबाईंनी खरं सांगितलं तर काटा चारवर राहील. पथक आकडा लिहून घेईल, शब्द हवेत विरून जातील. साहेबांना बढती, फुलाबाईंची बदली टळली, कुंदा कायम. कुणाचंच वाईट नाही. आणि साहेब बढतीवर पुण्याला गेले की बंगलाही जाईल. नवा साहेब कदाचित बंगल्यावर कुणाला नेणारही नाही. युक्ती इतकी स्वच्छ होती, की कुंदाला तिच्याबद्दल शंका यायला हवी होती. पण शरदराव दारातच म्हणाले, “पेढे कुठून आणायचे? चौकातले की स्टेशनजवळचे?” आणि शंकेला आत यायला जागा उरली नाही.

दुसऱ्या दिवशी ती फुलाबाईंना म्हणाली, “गावंडेंचं वाक्य सोडा. जे खरं आहे तेच सांगा.”

“साहेबापुढं?”

“साहेबांपुढं. शब्द कुठं लिहिले जात नाहीत. तुम्ही फक्त तुमची पट्टी धरून राहा.”

फुलाबाईंनी हातातला कागद खाली ठेवला. “मंग सांगाचं कायले,” त्या म्हणाल्या, “कोनी लिहितच नसन तं?”

चार तारखेला पथक म्हणून एकच बाई आली. नाझनीन देशमुख, तिशीची, पाठीवर पिशवी, पिशवीत स्वतःची डबी आणि फॉर्मचा गठ्ठा. सकाळपासून एकोणतीस माणसं आटोपून दुपारी ती उगवण कक्षात आली, तेव्हा तिनं आधी खोल श्वास घेतला. “छान वास आहे इथं,” ती म्हणाली. साहेब टेबलाच्या एका बाजूला बसले, फुलाबाई दुसऱ्या बाजूला, कुंदा मध्ये स्टुलावर. गावंडे दारात.

“काय फुलाबाई, बरं आहे ना?” साहेब हसून म्हणाले.

“हाव साहेब. बरं हाये.”

“घरी सगळे?”

“हाव. नातीची दहावी हाये.”

नाझनीन डबीकडं पाहत होती. पाच. चार. सात. साहेबांनी कुंदाकडं पाहून किंचित मान झुकवली. शाबासकी द्यायची त्यांची रीतच होती ती.

“आता माझा एक प्रश्न,” नाझनीन म्हणाली. “तुमचं रोजचं काम काय? साहेबांकडं पाहून सांगायचं.”

फुलाबाईंनी साहेबांकडं पाहिलं. समोर उलगडलेला कागद होता, त्याच्या कडेवर त्यांचे दोन्ही हात होते.

“साहेब, सकाळी दहा वाजता मी इथं सही करते. मंग तुमच्या गाडीत बसून तुमच्या बंगल्यावर जाते. स्वैपाक करते, भांडे करते, कुत्रं धुते. सहा वर्सं हेच हाये. माय होती तवरी मायचं केलं. तिचं केलं त्याचं मले काही नाई वाटत. सांजच्याला सहा वाजता घरी जाते. इथं माहं काम उगवन मोजाचं होतं, ते सहा वर्सांपासून म्या केलं नाई.”

त्यांचा आवाज कुठंच वर गेला नाही. बियांचा निकाल सांगावा तसं त्यांनी सांगितलं, आणि थांबल्या.

दारात गावंडे खोकले. साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच होतं, फक्त ते आता कुणाचंच नव्हतं.

“तीन,” नाझनीन म्हणाली. तिनं आकडा लिहिला. मग तिनं फॉर्म उलटून पाहिला. “माझ्या फॉर्मात शब्दांना जागा नाही,” ती कुणाकडंही न पाहता म्हणाली. “फक्त प्रशिक्षकाच्या शेऱ्याला दोन ओळी आहेत. आजवर त्यात ‘समाधानकारक’ याच्यापलीकडं मी काही वाचलेलं नाही.” तिनं फॉर्म कुंदापुढं सरकवला.

“लिहा ना कुंदाताई,” साहेब मायेनं म्हणाले. “समाधानकारकच आहे. तीन म्हणजे राज्यातला विक्रम असेल.”

कुंदानं पेन घेतलं. समाधानकारक हा शब्द लिहायला पाच सेकंद लागतात. तिच्या डोळ्यांपुढं स्टेशनजवळच्या दुकानातला पेढ्यांचा खोका आला, आणि मग एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच तिला स्वतःचंच वाक्य ऐकू आलं. शब्द कुठं लिहिले जात नाहीत. तिनं फुलाबाईंना खरं बोलायला सांगितलं होतं, ते त्या खऱ्याचं काही होणार नाही, या भरवशावर.

तिनं लिहायला सुरुवात केली. ‘कर्मचाऱ्याने साहेबांसमोर दिलेले उत्तर पुढीलप्रमाणे’. दोन ओळी संपल्या, ती समासात गेली, मग कागदाच्या पाठीवर. कुत्रं धुते, हेही लिहिलं. सहा वर्षं दोनदा लिहिलं.

“कुंदाताई,” साहेब म्हणाले. आवाज नेहमीसारखाच मऊ होता. “याची गरज आहे का?”

नाझनीनची डबी अजून चालूच होती.

“आहे, सर,” कुंदा म्हणाली.

तो आवाज तिचा नव्हता. वर गेला, बारीक झाला, ‘सर’ला तर फाटला. ऐन परीक्षेच्या दिवशी घाबरणाऱ्या तिच्या शाळेतल्या मुलींसारखा. डबीवर अडुसष्ट आले, आणि खोलीतल्या सगळ्यांनी ते पाहिले. तीन वर्षांत या माणसापुढं तिचं काही पणाला लागलं नव्हतं, म्हणून पट्टी टिकली होती. एवढंच होतं ते कसब. पण पेन थांबलं नव्हतं. तिनं खाली सही केली, तारीख घातली.

साहेब उठले. “ठीक आहे,” म्हणाले. खुर्ची त्यांनी व्यवस्थित आत सरकवली, नाझनीनला नमस्कार केला आणि बाहेर गेले. गावंडे त्यांच्यामागं धावले. नाझनीननं फॉर्म दोनदा वाचला, घडी घातली, इतरांबरोबर न ठेवता वेगळ्या खणात ठेवला. “हे वर वाचलं जाईलच असं मी सांगू शकत नाही, मॅडम,” ती जाताना म्हणाली. “पण मी पाठवते.”

खोलीत दोघीच उरल्या.

“पट्टी सुटली तुमची,” फुलाबाई म्हणाल्या.

“सुटली.”

“लय सुटली.”

“आता नोकरीही सुटेल,” कुंदा म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. फुलाबाईही हसल्या, तोंडाला पदर न लावता, दात दिसतील असं. मग त्यांनी कपाटातून पुढची सुरळी काढली.

“हात धुवा अन् बसा. आजचे सहा कागद राह्यले.”

कुंदानं हात धुतले. फुलाबाईंनी ओला कागद उलगडला. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, मग पुन्हा वाजला. थोड्या वेळानं संतोष ड्रायव्हर दारात आला. आत यावं की नाही ते त्याला कळेना.

“फुलाबाई, चला ना. बंगल्यावर साहेबाच्या मॅडम वाट पाहून राह्यल्या. कणीक भिजवाची हाये म्हणे.”

फुलाबाईंनी मान वर केली नाही. बोट एका अंकुरावर टेकवलेलं होतं.

“थांब रे बाबू, मोजू दे,” त्या म्हणाल्या. “एकेचाळीस. बेचाळीस.”